थेमिस्तोक्लिसचा संत

गावात कुणाचाही नामदिन असो, थेमिस्तोक्लिस सर्वांत आधी हजर व्हायचा आणि ताट चाटूनपुसून सर्वांत शेवटी उठायचा. संताच्या दिवशी त्या नावाच्या माणसाचं घर गावाला उघडं असतं, बोलावणं लागत नाही. थेमिस्तोक्लिसच्या घरी मात्र आजवर कुणी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

"माझं नाव ख्रिस्ताहून जुनं," मिशीला पीळ देत तो सांगायचा. "अर्थ काय? न्यायाची कीर्ती! सालामिनाच्या समुद्रात ज्यानं इराणी आरमार बुडवलं, त्या ग्रीक सेनापतीचं नाव आहे हे. त्याला कुठला आलाय संत!"

आणि या रविवारी नवे पाद्री, पापा-ग्रिगोरिस, भर देवळात म्हणाले, "थेमिस्तोक्लिस, तुझा संत सापडला रे! मेंढपाळ होता, हुतात्मा झाला. येत्या गुरुवारीच त्याचा दिवस!" देवळात खसखस पिकली. थेमिस्तोक्लिस गावातली खाणारी तोंडं मोजू लागला.

गुरुवारी त्यानं सकाळीच खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली.

"एव्दोकिया, चूल पेटवू नकोस. धूर दिसेल."

"ऑक्टोपस कालच शिजवलाय," बायको म्हणाली.

"कुणाच्या बापासाठी?"

"तुझ्या संतासाठी!"

तो फटीला डोळा लावून बसला. शेजारचा पांतेलिस गेला, पोस्टमन गेला. दाराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी त्याला हायसं वाटलं. मग चुळबुळ सुरू झाली. दुपार कलली तशा येरझाऱ्या.

"पांतेलिसच्या नामदिनाला मी दिवसभर बसलो होतो!"

"चारदा वाढून घेतलंस."

"मग त्यानं एकदा यायला नको?"

"कडी आहे ना दाराला."

"ठोठावायची!"

त्या सेनापतीचं नाव त्याच्याच अथेन्सनं मत देताना खापरांवर कोरलं आणि त्याला हद्दपार केलं, ही गोष्ट तो कधी कुणाला सांगत नसे. आज ती डोक्यातून जाईना.

"मला वाळीत टाकलंय गं," तो रडवेला होऊन म्हणाला आणि घरातल्या सपातांवरच खाली चौकातल्या कॉफीच्या दुकानाकडे धावला. सारा गाव तिथं शेगडीभोवती बसला होता, पापा-ग्रिगोरिससुद्धा.

"लाज नाही वाटत? आज माझा नामदिन! चला, सगळे घरी चला!"

"एवढी चढण कशाला?" पांतेलिसनं टेबलावरचं फडकं उचललं. खाली एव्दोकियाचं मोठं पातेलं होतं. "सकाळीच मागच्या दारानं धाडलंय तिनं. तू बोलवायला येईपर्यंत झाकण काढायचं नाही, असं बजावलंय. दुपारपासून उपाशी बसलोय, गाढवा!"

थेमिस्तोक्लिसनं डोळे पुसले आणि स्वतः वाढायला घेतलं. त्याची पाळी येईतो पातेल्यात नुसता रस्सा उरला होता. पातेलं पावानं पुसत तो हळूच म्हणाला, "पापा, नीट बघा ना, माझ्या नावाचा आणखी एखादा संत निघतोय का."