मोटारीतला होकार

तलवाड्याच्या मोहनरावांनी हैदराबादेहून मोटार आणली, तेव्हा गावाने ती आधी ऐकली, मग हुंगली आणि सगळ्यात शेवटी पाहिली. मोटार लाल होती, दोघांपुरतीच होती आणि शर्यतीची होती. म्हणजे एका नवाबसाहेबांनी ती बारा वर्षांपूर्वी शर्यतीसाठी विलायतेहून मागवली होती. मोटार विकताना नवाबसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते पाणी विरहाचे नसून धुराचे होते, हे मोहनरावांना परतीच्या वाटेत चौसाळ्याच्या आसपास कळले. तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते.

पहिल्या फेरीचा मान वच्छलाबाईंना मिळाला. जरीचे लुगडे नेसून त्या नवऱ्याशेजारी बसल्या आणि वेशीबाहेरच्या मारुतीपर्यंत गेल्या. परत मात्र चालत आल्या.

"अवं, ही मोटार हाय का वल्ल्या गवऱ्यांची चूल?" घरी येताच त्यांनी विचारले.

"मोटार म्हनल्यावर वास येनारच," मोहनराव म्हणाले. "घोड्याला वास येत न्हाई का?"

"घोड्याचा वास मागून येतो. ह्यो तुमचा पायातून येतो."

वच्छलाबाईंनी एका वाक्यात केलेले हे निदान करायला पुढे वाहेद मिस्त्रीला अर्धा दिवस मोटारीखाली पडून राहावे लागले. पण मोहनरावांना बायकोचे पटणे शक्य नव्हते. मोटार चालवली की डोके दुखते, मळमळते आणि हातपाय गळतात, याचा अर्थ त्यांनी असा लावला की, वेगाची सवय नाही. वेग ताशी दहा मैल होता.

मोटार घेण्यामागे मोहनरावांचा एक हेतू होता. गेवराईला सरकारी दरबार भरे, तेव्हा पुढच्या रांगेत खुर्च्या असत आणि मागे सतरंजी. मोहनराव तीन पिढ्यांचे जमीनदार. पण त्यांची जागा सतरंजीवर. आणि गेल्या साली त्यांच्याच बांधाला बांध असलेल्या अर्जुनरावाला खुर्ची मिळाली होती! सबंध दरबारभर मोहनरावांना अर्जुनरावाच्या जोड्यांचे तळवे पाहत बसावे लागले. तळव्यांना नवे नाल मारले होते, तेही मुद्दाम, अशी त्यांची खात्री होती.

आता तालुकदारसाहेब, म्हणजे सगळ्या जिल्ह्याचे मालक, दौऱ्यावर गेवराईला उतरणार होते. तिथून तलवाड्याला येऊन शाळेसाठी जागा बघणार होते. जागा द्यायला गावात कोणीच तयार नव्हते, मोहनराव तर मुळीच नव्हते. पण साहेबांना गेवराईहून आपल्या मोटारीत बसवून आणण्याची परवानगी त्यांनी साहेबांच्या पेशकाराकरवी मिळवली. सहा कोसांची वाट, शेजारी साहेब, मध्ये बोलायला तिसरा कोणी नाही. खुर्चीची गोष्ट काढायला याहून चांगली जागा कोणती?

फक्त वास तेवढा घालवायचा होता. म्हणून गेवराईच्या जिनिंगचे इंजिन सांभाळणारा वाहेद मिस्त्री बोलावला गेला. तो मोटारीखालून बाहेर आला तो कोळशाच्या वखारीतून यावा तसा.

"मालक, धुराची नळी गंजून फुटलीया. बराबर तुमच्या शीटच्या खाली. धूर मागं जायाच्या आधीच फळ्यांच्या फटीतून वर येतोय."

"मग बुजव की."

"बुजवून भागत न्हाई. नळी नवी पायजे, हैदराबादेहून. पंधरा दिवस लागतील."

"साहेब गुरुवारी येनार हायती."

"मग साहेबांला बैलगाडीतून आना. हा धूर लई वाईट, मालक. आमच्या जिनात एक जन कोंडलेल्या खोलीत इंजिनापाशी बसलता, तर दोन तास खुळ्यावानी हसत व्हता. न्यायचंच असंल तर वरचा टप उघडा ठेवा. वारं लागू द्या."

"आन् साहेबांच्या शेरवानीवर धूळ बसू द्या? मोठा शहाणा हायस बे!" मोहनराव म्हणाले. मिस्त्रीला मोटारीतले कळते, दरबारातले कळत नाही, हे त्यांनी ओळखले. नळी मागवायला सांगून त्यांनी त्याला वाटेला लावले.

"चुलीला भेग पडली की आमी शेनमातीनं लिंपतो," वच्छलाबाई जाता जाता म्हणाल्या. त्या टोमणा मारत होत्या. मोहनरावांनी तो टोमणा सल्ला म्हणून घेतला.

बुधवारी नळीला शेणमातीचा जाड लेप बसला. मोटार सुरू केली. लेप आधी वाळला, मग तडकला, मग जळू लागला. आता पेट्रोलच्या धुराला शेणाच्या धुराची जोड मिळाली. तो वर येऊ नये म्हणून मोहनरावांनी पायांखालच्या फटींवर नवे घोंगडे दाबून बसवले. नळीच्या धगीने घोंगडे करपले. करपलेल्या लोकरीचा वास मारायला बीडहून आणलेली हिन्याच्या अत्तराची अख्खी कुपी गाद्यांवर रिकामी झाली. ती कमी पडेल म्हणून वर ऊद जाळला. सगळे आटोपल्यावर मोहनरावांनी मोटारीत डोके घालून जोरात श्वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. त्यांचे नाक दोन दिवसांपूर्वीच निकामी झाले होते.

गुरुवारी दहा वाजता तालुकदारसाहेब मोटारीत बसले आणि लागोपाठ सात वेळा शिंकले. साहेब औरंगाबादेत वाढलेले, त्यामुळे मराठी चांगले बोलत.

"मोहनराव, ही कसली खुशबू म्हणावी? लग्न आहे की मयत?"

"हुजुरांच्या स्वागताची हाय," मोहनराव म्हणाले. त्यांनी टप चढवला, दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडले आणि मोटार हाकली.

पहिल्या कोसाला साहेबांनी आपल्या बाजूचा पडदा वर केला आणि नाक बाहेर काढले. ते त्यांनी तलवाडा येईपर्यंत आत घेतले नाही. मोहनरावांनी आपला पडदा उघडला नाही. हुजुरांच्या देखत नाक बाहेर काढणे बरे दिसले नसते. शिवाय फुटकी नळी त्यांच्याच बैठकीखाली होती.

दुसऱ्या कोसाला त्यांनी खुर्चीची गोष्ट काढली. निदान काढल्याचे त्यांना आठवत होते. त्यानंतर त्यांना फार छान वाटू लागले. वाट कापसासारखी मऊ झाली. बाभळी ओळीने उभ्या राहून मुजरा करू लागल्या. साहेब बाहेर तोंड करून काहीतरी बोलत होते आणि त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा गोड येत होता. मोहनराव प्रत्येक वाक्याला "जी हुजूर" म्हणत होते. मान आपोआप डोलत होती. ती थांबवावी असे एकदा त्यांच्या मनात आले, पण मान कोणाची आहे ते चटकन आठवेना.

तलवाड्याच्या वेशीत मोटार थांबली ती स्वागताच्या मांडवाच्या खांबाला टेकून. लोकांना वाटले, विलायती मोटारी अशाच थांबवतात. हलग्या वाजल्या. मोहनरावांना दोघांनी धरून खाली उतरवले. साहेब भाषणाला उभे राहिले.

"गाववाल्यांनो, मी जागा शोधायला आलो होतो. पण तुमचे मोहनराव मोठ्या दिलाचे निघाले. ओढ्याकाठचा आपला तीन एकरांचा मळा, दोन मोटांच्या विहिरीसकट, त्यांनी शाळेला देऊन टाकला!"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या अर्जुनराव वाजवत होता. मोहनरावांनीही वाजवल्या. कोणाचा मळा, हे डोक्यात शिरायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते मांडवामागे गेले आणि भडाभडा ओकले.

तोंड धुऊन, थोडे वारे खाऊन ते परत आले तेव्हा साहेब फराळाला बसले होते.

"हुजूर," मोहनराव हळूच म्हणाले, "मळ्याचं ते... काय तरी घोटाळा झालाय."

"घोटाळा कसला? मी तीनदा विचारलं. तुम्ही तीनदा 'जी हुजूर' म्हणालात. विहिरीचं तर मी विचारलंही नव्हतं, तुम्हीच घातलीत."

"मी शुद्धीत नव्हतो, हुजूर."

साहेबांचा हातातला लाडू थांबला. "म्हणजे? काय पिऊन मोटार चालवत होता? मला शेजारी बसवून?"

पिऊन नव्हे, धुराने, असे मोहनरावांनी सांगावे तर तो विषारी धूर आठवडाभर ठाऊक असून जिल्ह्याच्या मालकाला त्यात कोंडून आणले, असा अर्थ होत होता. एका बाजूला मळा होता आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग.

"आनंदानं, हुजूर," ते म्हणाले. "आनंदानं शुद्ध हरपली व्हती."

"वा!" साहेबांनी लाडू पुरा केला.

"आन् ते... खुर्चीचं?"

"खुर्ची मी देतच होतो. तुम्हीच हात जोडून म्हणालात, 'मला खुर्ची नको हुजूर, पोरांला बाकं द्या.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मोहनराव."

ते पाणी कशाचे होते हे मोहनरावांना ठाऊक होते, पण सांगायची सोय नव्हती.

मळ्याचा कागद त्याच दिवशी झाला. वच्छलाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलू लागल्या तेव्हा आधीचे दोन दिवस बरे होते असे मोहनरावांना वाटले. गाव त्यांना 'दाते' म्हणून रामराम घालू लागले. कोणी जत्रेची वर्गणी मागे, कोणी देवळाचा कळस.

पंधरा दिवसांनी वाहेद मिस्त्री नवी कोरी नळी खांद्यावर टाकून आला. ओसरीवर अर्जुनराव चहा घेत बसला होता.

"मोहनराव, नाही म्हणू नका," तो गळ घालत होता. "साहेब पुढच्या सोमवारी माझ्याकडं येतायत. दवाखान्याला जागा हुडकायला. म्हनलं, तुमच्या मोटारीतून मीच आनतो त्यांला. चालवाया मी औरंगाबादेत शिकलतो. तुमचा एवढा बोलबाला झाला, आमाला बी जरा साहेबांपाशी बसू द्या की."

अर्जुनरावाची वीस एकरांची आमराई होती. मोहनरावांनी बशीतला चहा संपवला.

"न्या की, आपलीच समजा. फक्त धूळ लई हाय, टप चढवून ठेवा. आन् साहेबांच्या बाजूचा पडदा उघडा राहू द्या, त्यांला वारं लागतं. तुमच्या बाजूचा मात्र घट्ट लावा."

अर्जुनराव उपकार मानत निघून गेला. वाहेद मिस्त्रीने खांद्यावरची नळी खाली ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

"बसवू का, मालक?"

"मंगळवारी ये," मोहनराव म्हणाले.