माप कुठून घेतलं?

आमच्या देवणीकडच्या गावात नागोराव मामांसमोर आकडा बोलायची सोय नाही. मामा शिंपी. गळ्यातला टेप फक्त अंघोळीपुरता उतरतो. कुठलाही आकडा कानावर पडला की मशीन थांबतं आणि प्रश्न येतो, "माप कुठून घेतलं?"

कुणी सांगितलं, पोरीला स्थळ आलंय, मुलगा सहा फूट आहे. मामा विचारणार, "चपलेसकट का बिगरचपलेचा?" तो मुलगा पुढे पाच-आठ निघाला, म्हणून गावानं हा छळ सोसलाय.

मी शाळेत भूगोल शिकवतो. आवारातल्या पांढऱ्या पेटीत तापमापक आहे, त्याचा आकडा रोज फळ्यावर लिहिणं माझं काम. एका दुपारी मामा आले.

"सर, उन्हाळा दरसाली वाढायलाय म्हनतेत. खरं हाय का?"

मी सहा वर्षांचे आकडे दाखवले, शेवटच्या तीन वर्षांचे ठळक वाढलेले. मामांनी टेप काढून पेटीपासून सायकलींच्या पत्र्याच्या शेडपर्यंत लावला. "शेड कवा झालं?"

"तीन वर्षांपूर्वी."

"मंग पेटी उन्हाळा मोजायली का पत्रा?"

उत्तर नसलं की माणूस पदवी काढतो. मी म्हणालो, "मामा, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी," म्हणाले आणि टेप गुंडाळून गेले. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

पंधरा दिवसांनी हवामानाच्या अभ्यासक मॅडम गावकऱ्यांशी बोलायला शाळेत आल्या; बैठक आवारातल्या झाडाखाली होती. मामा पेटीचं विचारायला उठले. मॅडमनीही शिक्षण विचारलं तर? मागे दोघं-तिघं आधीच हसत होते. मॅडम मात्र प्रश्न ऐकून उठल्या आणि थेट पेटीपाशी गेल्या. शेडच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"मामा, तुमचं बरोबर आहे. हिचे आकडे बाजूला ठेवावे लागतील."

मला परीक्षेत पास झाल्यासारखं हायसं वाटलं. खरं तर नापास मीच झालो होतो.

"पण एका सदऱ्यावरून आम्ही गावाचं माप काढत नाही," मॅडम म्हणाल्या. "मोकळ्या रानात, शेडपासून लांब अशा कितीतरी पेट्या आहेत. त्याही हेच सांगतात. उन्हाळा वाढतोय."

"मोकळ्या रानातल्याबी?"

"हो."

"मंग खरं हाय." मामा खाली बसले आणि मला हळूच म्हणाले, "लई बरं झालं, सर."

"उन्हाळा वाढला ते?"

"आमच्या कारभारणीला दोन साल झाले, दुपारी चुलीपुढं घेरी येती. दवाखान्यात समदं तपासलं, काई निघालं न्हाई. ती म्हनती, माझं शरीरच खचलं, आता मी लई दिस न्हाई. मी म्हनायचो, तू हाय तशीच हायस, ऊन बदललंय. पर ते उगं धीर द्यायला. खरं का खोटं, मलाच ठावं नव्हतं."

मला त्यांची माफी मागायची होती. चहा घेऊन जा म्हटलं, तर थांबले नाहीत. "घरी सांगायचंय," म्हणाले. "आजपासून दुपारची चूल बंद. सांजच्याला भाकरी मी थापतो."

डोक्यावर टॉवेल टाकून साठीचा तो माणूस भर उन्हात जवळजवळ पळत गेला.