सासूबाईंच्या माशाचा डोळा

सुनेने काढलेलं चित्र बंदरावरच्या बाजारात दाराच्या वर टांगलं, आणि त्याच सकाळी सासूबाईंची मासळी खपेनाशी झाली.

तशी चित्रात काही खोट नव्हती. बर्फ फोडणारे होते, टोपल्या उतरवणारे होते, मधोमध फळीवर मासे मांडून बसलेल्या सासूबाई होत्या, शेजारच्या फळीवर त्यांच्या जाऊबाई. फक्त सून बाळ झोपलं की रंगवायला बसायची, आणि बाळ फारसं झोपायचं नाही. समोर ठेवलेल्या माशाच्या डोळ्यापर्यंत पोचायला तिला चार दिवस लागले. तिने डोळा दिसला तसा काढला. खोल गेलेला, पांढुरका.

रोजचे गिऱ्हाईक असलेले मास्तर चित्राखाली थांबले, डोळा पाहिला आणि शेजारच्या फळीकडे वळले.

"अगं, माझी मासळी मारलीस तू!" सासूबाई कडाडल्या.

"आई, ती मेलेलीच असते हो."

"मेलेली असते, शिळी नसते! तीस वर्षं नाव राखलंय मी इथे. चढ वर."

बाळ त्यांच्या मांडीवर देऊन सून शिडीवर चढली. डोळा काळाभोर केला, त्यात पांढरा ठिपका ठेवला. लगेच शेजारच्या फळीवरून सासूबाईंच्या जाऊबाई ओरडल्या, "म्हणजे आता शिळी माझी का?"

मग चित्रातल्या त्यांच्याही माशांचे डोळे उजळले. तेव्हा सासूबाईंना आपले फिके वाटले. असं तीनदा झालं. दुपारपर्यंत चित्रातले मासे इतके टवटवीत झाले, की त्यांच्यामागे बसलेल्या दोघी जावाच शिळ्या दिसायला लागल्या. त्याबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर परत आले. सासूबाईंनी तासाभरापूर्वी होडीतून उतरलेला मासा पुढे केला. मास्तरांनी कल्ला उचलून पाहिला, मग मान वर करून चित्र पाहिलं.

"हा नको. त्यातला द्या."

"कशातला?"

"वरच्यातला."

बाळाला खांद्यावर थोपटणाऱ्या सुनेचा हात थांबला. मासळीबद्दल सासूबाई आजवर कोणाशी खोटं बोलल्या नव्हत्या.

"ते पहाटेच गेले, मास्तर."

"गेले? मग तिथे कसे?"

सासूबाईंनी हातातला मासा शांतपणे फळीवर ठेवला.

"पुसायचे राहिलेत," त्या म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "बघत काय उभी राहिलीस? रंग आण."