शकूताईंची इमारत

माणसाची कुंडली मांडायला शकूताई करंदीकरांना जन्मवेळ लागत नाही. कचऱ्याची पिशवी पुरते.

जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत सकाळी कचरा ठेवायला खाली जावं, तर शकूताई आधीच उभ्या. पंजाबी ड्रेसवर स्वेटर, हातात रबरी मोजे. आमची पारदर्शक पिशवी त्या उजेडाकडे धरणार आणि चारचौघांत निकाल सांगणार, "सुधीर, काल पण बाहेरचंच जेवलास? मीनल रुसली वाटतं." मीनल म्हणजे माझी बायको, आणि ती खरंच रुसलेली असायची.

हा शोध चालायचा कोलाजसाठी. चॉकलेटच्या चांद्या, लोणच्याची लेबलं, जोडीदार हरवलेला पायमोजा, सगळं त्या वेचून नेत. "अरे, याच्यात अजून जीव आहे," हे त्यांचं पालुपद. नवऱ्याच्या जुन्या शर्टाकडे बघून त्या असंच म्हणाल्या, तेव्हा करंदीकर काका आठवडाभर जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून हिंडले.

दुसऱ्याच्या कचऱ्याला हात लावणं इथल्या नियमात बसत नाही. इमारतीची देखभाल करणारे मोरीसान एकदा जाब विचारायला आले. शकूताईंचं जपानी भाजी आणण्यापुरतं. घाबरून त्यांनी हसत हसत पिशवीतलं प्लास्टिक एकीकडे, कागद दुसरीकडे करून दाखवला. मोरीसानांना वाटलं, या बाई स्वखुशीनं सगळ्यांच्या कचऱ्याचं वर्गीकरण तपासतात. ते कमरेत वाकले आणि दुसऱ्या दिवशी दंडाला बांधायची हिरवी पट्टी घेऊन आले. चोरी अधिकृत झाली. अख्खी इमारत दह्याचे डबे इतके घासून टाकू लागली, की त्यात परत विरजण लावावं.

कोलाज त्यांच्या आतल्या खोलीत, भिंतभर प्लायवूडवर. चित्र आमच्याच इमारतीचं. दुधाच्या खोक्यांच्या भिंती, वाळत घातलेले कपडे चहाच्या पुड्यांचे, आणि प्रत्येक बिऱ्हाडाची खिडकी त्या बिऱ्हाडाच्याच कचऱ्यातून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडभर स्तुती केली आणि लगेच स्वतःची खिडकी शोधली. तिसरा मजला, डावीकडून दुसरी. तिथे नुसता पुठ्ठा.

मला हे लागलं. पुढच्या आठवड्यापासून मी उच्च दर्जाचा कचरा टाकू लागलो. ऑफिसात मिळालेल्या मिठाईचा करकोचे छापलेला कागद. सोनेरी काठाचं कॅलेंडर. मीनल म्हणाली, लग्नाच्या आहेरालाही तुम्ही इतका विचार केला नव्हता. शकूताई सगळं प्रेमानं उचलत. मी आशेनं जाऊन पाहावं, तर करकोचे दुसऱ्याच एका खिडकीचा पडदा झालेले. शकूताई म्हणाल्या, फाटकांचा जुना पडदा विटला होता. माझा पुठ्ठा तसाच.

दोन वर्षं हा अपमान गिळला. मग एका रविवारी सरळ विचारलं, "शकूताई, आमच्या कचऱ्यात काय कमी आहे?"

त्या खळ ढवळत होत्या. म्हणाल्या, "फाटक कोण, माहीत आहे?"

माहीत नव्हतं. मी इथे आलो २०११च्या भूकंपानंतरच्या दिवाळीत. फाटक भूकंपाच्या आठवड्यातच पुण्याला गेले होते, कुकर ओट्यावर तसाच ठेवून. मी दुसऱ्या खिडकीवर बोट ठेवलं. ते कुटुंब बंगळूरला गेलेलं. तिसरं सिंगापूरला. चौथ्याचा पोस्टडॉक संपला. चित्रातलं एकही बिऱ्हाड आता इमारतीत नव्हतं.

त्या मार्चमध्ये जो तो मिळेल त्या विमानानं निघाला. करंदीकर काकांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढत होत्या, त्यांना सोडून काका हलेनात. ते दिवसभर तिकडे. इमारत काटकोनात, त्यामुळे शकूताईंच्या गॅलरीतून आमची बाजू दिसते. संध्याकाळी तिकडे एकही दिवा लागेना. खाली मात्र गेलेल्यांच्या घाईघाईनं बांधलेल्या पिशव्या. त्यांनी एक उघडली, आणि पहिली खिडकी चिकटवली.

"पुढेही तेच रे. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, कुणाच्या मुलांची शाळा. गेले की चिकटवते."

मी म्हणालो, मग आमचा पुठ्ठा?

"तुमच्या जागेतून अजून कुणी गेलं नाही. तुमचा दिवा दिसतो की मला रोज. माणसं असताना चिकटवायची कशाला?" त्यांनी खळीचं भांडं माझ्या हातात दिलं. "ढवळ, गुठळ्या होतायत."

मी ढवळलं. नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसनं मला परत पुण्याला येता का म्हणून विचारलं होतं, आणि ते सांगावं की नाही, हे मला त्या भांड्यात काही सापडलं नाही.

पुढच्या कचऱ्याच्या दिवशी घरात मिठाईचा एक देखणा कागद होता. मी त्याचे बारीक बारीक तुकडे केले, वर चहाचा ओला चोथा ओतला आणि पिशवी खाली नेली. शकूताईंनी ती उजेडाकडे धरली, सगळीकडून पाहिली, आणि चिकटवायला काहीही न काढता समाधानानं खाली ठेवली.