अर्ध्यावरचा झेंडा

बुटांवरचा बर्फ न झटकताच सिर्कू पेल्तोमा पाणमांजर आइस हॉकी क्लबच्या कचेरीत शिरली आणि थेट अध्यक्षांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“कालेर्वो, आर्मासच्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर आहे.”

अध्यक्ष कालेर्वोंनी हातातली कॉफी खाली ठेवली. कैस्लालाम्पी गावात झेंडा खांबाच्या अर्ध्यावर दिसला की त्या घरातलं कुणीतरी गेलं, हे सांगावं लागत नाही. आणि आर्मास लेहतोसारी तर घरात एकटाच राहत होता.

“अरेरे! तेही नेमकं क्लबच्या वाढदिवशी!”

“मी फक्त झेंडा पाहिलाय,” सिर्कू म्हणाली. क्लबच्या कचेरीत नोकरीला येण्यापूर्वी ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने धरून चाललेलं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची तिला सवय होती. “फोन करून बघू या का?”

कालेर्वोंनी फोन लावला. घंटी वाजत राहिली.

“उचलत नाही.”

“मग?”

“मग काय, झालंच की! गेलेला माणूस फोन उचलतो होय?”

हे ऐकून सिर्कूला पुरावा मिळाल्यासारखं वाटलं. पुढे हा क्षण आठवला की तिचे कान तापत.

“शेजारी विचारू?”

“दुःखाच्या घरी चौकश्या करतात का गं?” कालेर्वो म्हणाले, आणि तिला ते पटलं. त्या गावात दारात रुग्णवाहिका उभी राहिली तरी लोक खिडकीचा पडदा सरळ करून आत वळत.

क्लबने आजवर अजिंक्यपद एकदाच जिंकलं होतं आणि त्या संघाचा गोलरक्षक होता आर्मास. त्याची एक नंबरची जर्सी सन्मान म्हणून बर्फाच्या रिंकच्या छताला टांगायची, हा विषय समितीपुढे कित्येक वर्षं होता. दर बैठकीत दालचिनीचे पाव संपेपर्यंत त्यावर चर्चा व्हायची आणि पाव संपले की बैठकही संपायची. त्या दिवशी तो विषय कॉफीच्या दोन घोटांत मंजूर झाला. श्रद्धांजलीचा मजकूर सिर्कूने लिहिला. चांगला लिहिला. त्याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

संध्याकाळी घरच्या सामन्याआधी दिवे मंद झाले. निवेदकाने सिर्कूचा मजकूर वाचला. सगळं प्रेक्षागृह टोप्या काढून उभं राहिलं आणि जर्सी हळूहळू छताकडे चढू लागली. सिर्कू कुंपणाच्या काचेपाशी उभी होती. तिची नजर सहज गोलच्या मागच्या रांगेकडे गेली.

तिथे आर्मास लेहतोसारी उभा होता. लोकरी टोपी छातीशी, मान खाली. स्वतःसाठीचं मौन तो अगदी मनापासून पाळत होता. त्याच्या आजूबाजूच्यांनी त्याला ओळखलं असणारच, पण कुणी चकार शब्द काढला नव्हता. शेजारच्या माणसाने त्याला थोडी जास्त जागा करून दिली होती एवढंच.

सिर्कूने कालेर्वोंची बाही ओढली. “तो तिथे उभाय.”

“कोण?”

“ज्याच्यासाठी आपण उभे आहोत तो.”

कालेर्वोंनी पाहिलं. ते पांढरेफटक पडले. “श्श! मिनिट संपू दे आधी.”

मिनिट संपलं, दिवे लागले, तेव्हा आर्मासची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचं पाकीट घेऊन सिर्कू त्याच्या फाटकाशी पोचली. झेंडा अजून तिथेच, अर्ध्यावर. तिने दार वाजवण्याआधीच ते उघडलं.

“या. बूट तिथे काढा.”

“आर्मास, चूक माझी आहे. झेंडा मी पाहिला आणि—”

“चूक दोरीची आहे,” आर्मास म्हणाला. “क्लबचा वाढदिवस म्हणून पहाटे झेंडा चढवायला गेलो, तर मधेच दोरी गोठली. वर जाईना, खाली येईना. मी काठीने खांब बडवत होतो, तेव्हा घरात फोन वाजत होता.”

“तो आम्हीच केला होता.”

“असं होय! मला वाटलं झेंड्यावरून कुणी बोलणार. म्हणून आत आलो तरी उचलला नाही.”

“पण सामन्यात तरी काही बोलायचं!”

“अहो, सगळे उभे होते. एवढ्या शांततेत ‘मी आहे, मी आहे’ म्हणून ओरडायचं? शोभलं असतं?” त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “त्याहून वाईट पुढे झालं. बसथांब्यावर एक बाई भेटल्या. म्हणाल्या, फार वाईट झालं हो. आणि मी म्हणालो, आभारी आहे.”

सिर्कूने कॉफीचं पाकीट टेबलावर ठेवलं.

“आता दुकानात कुठल्या तोंडाने जाऊ? कालपासून कॉफी संपलीय.”

तिने पाकीट पुढे सरकवलं. आर्मासने भांडं चुलीवर ठेवलं.

“आम्ही सामन्याच्या वेळी जाहीर करणार आहोत,” ती म्हणाली. “तुम्ही हयात आहात म्हणून. चूक माझी, हेही माझं नाव घेऊन सांगायला लावणार आहे मी.”

“भोंग्यावरून?”

“भोंग्यावरून.”

दोघांनीही मान खाली घातली. पाणी उकळायला लागलं.

“जर्सी उतरवणार?” चुलीकडे बघतच त्याने विचारलं.

“नाही. ती उतरवली तर मी नोकरी सोडेन.”

आर्मासने भांडं ढवळलं. मग हळूच म्हणाला, “पुढचा सामना कुठे आहे?”

“परगावी. सुओलाकोस्कीला.”

“मग तिथेच जाहीर करा ना.”

सिर्कूने या सूचनेचा सगळ्या बाजूंनी विचार केला. तिला त्यात एकही दोष सापडला नाही.

शनिवारी सुओलाकोस्कीच्या अनोळखी प्रेक्षकांत ती एकटीच मागे जाऊन बसली. बर्फावर दोन्ही संघ सराव करत होते, चकत्या कुंपणावर धाडधाड आदळत होत्या. निवेदकाने कागद वाचायला घेतला. आर्मासचं नाव, तो हयात आहे हे वाक्य, सगळं त्या आवाजात बुडालं. नेमक्या शेवटच्या ओळीला सराव थांबला आणि मधले शब्द खरखरीत गिळून भोंगा खणखणीत बोलला, “सिर्कू पेल्तोमा... अतिशय दुःख होत आहे.”

मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता अख्खं प्रेक्षागृह उभं राहिलं. खेळाडूंनीही काठ्या खाली टेकवल्या.

“कोण गेलं?” सिर्कूच्या शेजारची बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली.

“कुणी सिर्कू पेल्तोमा.”

“अरेरे. वय काय होतं?”

सिर्कूने सांगायला तोंड उघडलं. पण सगळीकडे इतकी शांतता होती की तिने ते मिटलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून मिनिट संपायची वाट बघत उभी राहिली.