हिरव्या दिव्याची डिस्क

स्टुडिओ भावोजींचा आणि कॉम्प्युटर मेहुण्याचा, अशी वाटणी ताईने लग्नानंतर लगेच करून टाकली होती. सगळ्या गिऱ्हाइकांचे फोटो ज्या सर्व्हरमध्ये राहणार, त्याच्या डिस्क सांभाळणारं कंट्रोलर कार्ड निवडायची वेळ आली, तेव्हा मात्र वाटणी मोडली. एक डिस्क बिघडली तरी फोटो शाबूत ठेवणारं कार्ड भावोजींना पुरेसं होतं. मेहुणा मात्र दोन डिस्क गेल्या तरी निभावून नेणाऱ्या कार्डावर अडून बसला.

"दोन एकदम कशाला जातील?" भावोजी म्हणाले. "त्यांची काय शर्यत लागलीय?"

शेवटी ताईनेच मेहुण्याच्या बाजूने निकाल दिला, कारण रोज जेवताना तिला हेच ऐकावं लागत होतं.

मशीन आलं. मेहुण्याने ते चालू असतानाच एक डिस्क ओढून बाहेर काढली. पडद्यावरचा फोटो जागचा हलला नाही. भावोजी हरखून गेले. तेव्हापासून पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसालाही ते डिस्क काढून दाखवू लागले. परत घातलेली डिस्क भरून यायला बराच वेळ लागतो आणि तोवर तिचा दिवा पिवळा असतो, हे मेहुण्याने त्यांना बजावलं होतं. भावोजींनी ते अगदी काटेकोर पाळलं. पिवळ्या दिव्याच्या डिस्कला ते चुकूनही हात लावत नसत.

त्या दिवशी सकाळी त्यांनी पोस्टमनला डिस्क काढून दाखवली. दुपारी एक शिक्षिका आल्या. त्यांची आई नुकतीच गेली होती आणि तिचा इथेच काढलेला एक फोटो मोठा करून हवा होता. "बाई, तुम्ही निर्धास्त राहा," म्हणत भावोजींनी सकाळची, अजून पिवळ्या दिव्याची डिस्क सोडून शेजारची हिरव्या दिव्याची ओढली. मशीन कर्कश ओरडायला लागलं.

बाईंचा चेहरा उतरला. "आईचे या मशीनमध्ये आहेत तेवढेच फोटो उरलेत हो."

भावोजी हातात डिस्क धरून तसेच उभे राहिले. मेहुणा आतून धावत आला. एक दिवा पिवळा आणि शेजारचा कप्पा रिकामा, म्हणजे दोन डिस्क एकदमच गेल्या होत्या. त्याने लगेच बाईंच्या आईचा फोटो उघडला. चष्मा सावरत हसणाऱ्या आजी पडद्यावर आल्या, अगदी जशाच्या तशा. बाई डोळे पुसत भावोजींचे आभार मानू लागल्या.

"माझे नका मानू," खुर्चीत बसत भावोजी म्हणाले. मग मेहुण्याकडे वळले. "तुझं ऐकलं म्हणून वाचलो रे बाबा. नाहीतर यांना काय तोंड दाखवलं असतं?"

इतक्या वर्षांत भावोजींनी पहिल्यांदाच त्याचं कौतुक केलं होतं. तरी संध्याकाळी त्याने मशीनच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली ताईकडे दिली.

दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक आलं. भावोजींचा हात सवयीने कपाटाकडे गेला, कुलपाला लागला आणि तिथेच थांबला. क्षणभर विचार करून त्यांनी आत हाक मारली. मेहुणा हातातलं काम टाकून आला, तशी भावोजींनी त्याला खांद्याला धरून पुढे उभं केलं.

"हा बघा," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "ते कार्ड यानेच निवडलंय."

तेव्हापासून पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसालाही भावोजी मेहुण्याला बाहेर काढून दाखवतात.