लेम्पीच्या बंदुकीची मूठ

"तीन हात मारायचे, वाळवायचं, की झालं! याला काय शास्त्र लागतं?"

आर्वो निएमीने हे शनिवारी सकाळी इतक्या जोरात जाहीर केलं, की फ्रीजवर झोपलेल्या मांजराने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. घरात ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. एप्रिलपर्यंत होतं. एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आठवड्यात, त्याची बायको लेम्पी गेली. तेव्हापासून आर्वो आपल्या बढाया मांजराला ऐकवत होता. मांजर लेम्पीसारखं हसत नसे, एवढंच.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर लेम्पीची बंदूक ठेवली होती. लोखंड एका बाजूला, लाकूड दुसऱ्या बाजूला. शेजारी काळ्या रबरी लेपाचा डबा. त्या लाकडाची मूठ त्याला आज रबराने मढवायची होती.

त्याचं कारण टेलिफोनवर आलं होतं. उद्या पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सुपीरियर सरोवराच्या या काठावर त्या दिवशी शाळांना सुट्टी देतात आणि लग्नाची तारीख कुणी धरत नाही. चाळीस वर्षं आर्वो आणि लेम्पी त्या पहाटे एकाच मचाणावर बसत आले. मुलगी कारिन बारा वर्षांची झाली तशी तीही दोघांच्या मध्ये बसू लागली. आता ती चार तासांवरच्या शहरात नर्स होती, पण पंधरा नोव्हेंबर तिने कधी चुकवला नव्हता. यंदा लेम्पीच्या जागी, लेम्पीची बंदूक घेऊन ती बसणार, असं आर्वोने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि मंगळवारी फोन आला.

"बाबा, मी यंदा येत नाही."

"का गं?"

"अरे, ती आईची बंदूक... मूठ किती गुळगुळीत झालीय तिची! हातमोज्यातून सटकते. नाही जमणार मला. तू जा रेनोमामाबरोबर."

दुसऱ्या कुणाला त्या आवाजातला हुंदका ऐकू आला असता. पण आर्वोने उभं आयुष्य लोखंडाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केली होती. त्याला रडणं ऐकू येत नसे, बिघाड ऐकू येई! मूठ सटकते? मग सटकणार नाही अशी करू! "तू ये तर खरी," तो म्हणाला, "मी बघतो मुठीचं." मग "बघते" एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

पहिला हात छान बसला. दुसरा त्याहून छान. तिसरा आर्वोने जरा सढळ हाताने दिला, लेम्पी पावाला लोणी लावायची तसा. डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं. पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचणं हे चाळीस वर्षं लेम्पीचं खातं होतं, आणि तिच्यामागे ते कुणी उचललं नव्हतं.

दुपार झाली तरी लेप वाळेना! वाळत टांगायला नेलं त्या गॅरेजमध्ये पाणी गोठेल अशी थंडी. बोट लावावं तर बोट चिकटे, सोडवावं तर डिंकाच्या वडीसारखी तार निघे. मांजर काय आहे ते बघायला आलं आणि शेपटीचे केस वर्गणी म्हणून देऊन गेलं. घड्याळात दीड. संध्याकाळपर्यंत कारिन आली तर? तिच्या हातात काय द्यायचं, केसाळ अस्वलाचा पाय?

आणि मग आर्वोला ती नामी युक्ती सुचली. सौना!

त्यात वेडेपणा काहीच नव्हता. त्या मुलखात जे काही वाळायचं असेल ते सौनात वाळतं. ओले मोजे, मासळीची जाळी, बटाट्याचं बियाणं. जुनी माणसं तर त्या वाफेच्या खोलीतच जन्मली, आणि गेल्यावर शेवटची आंघोळही त्यांना तिथेच मिळाली. मग एका बंदुकीच्या मुठीचं तिथे काय वाकडं होणार? परसातल्या त्या लाकडी खोपटात त्याने वरच्या फळीवर, छताच्या आकड्याला तारेने ते लाकूड टांगलं, भट्टीत बर्च झाडाची लाकडं घातली आणि काडी ओढली.

एप्रिलनंतर आज पहिल्यांदा. काडी ओढताना त्याचा हात जरासा थबकला, पण घाई होती.

घाईत तो एक गोष्ट विसरला. आज शनिवार होता.

त्या गावात शनिवारी कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. सौनाच्या धुराड्यातून धूर निघाला की तेच आमंत्रण. तीस वर्षं लेम्पीचा धूर दुपारी दोनला निघे आणि तीनपर्यंत खुंट्यांवर टॉवेल लागत. ती गेल्यापासून ते धुराडं गप्प होतं. सात महिने येता-जाता लोक त्या धुराड्याकडे बघत आणि न बोलता पुढे जात.

वीस मिनिटांत रेनो दारात! लेम्पीचा हा धाकटा भाऊ. अंगाने रानरेडा, मनाने लोण्याचा गोळा. खांद्यावर टॉवेल, काखेत वेलदोड्याचा पाव, डोळ्यांत पाणी.

"दाजी! धूर दिसला!"

"अरे रेन्या, तो धूर म्हणजे..."

"बोलू नका! काही बोलू नका! आमची ही, इर्मा, म्हणाली, पळ, आर्वो उठला. आम्हाला वाटलं होतं दाजी, तुम्ही आता पुन्हा कधी..." पुढे त्याला बोलवेना. त्याने आर्वोला असं मिठीत घेतलं की आर्वोचा बरगड्यांवरचा विश्वास उडाला.

आता सांगा, त्या मिठीत अडकलेल्या माणसाने काय म्हणावं? की बाबा रे, मी बंदूक वाळवतोय? तेवढ्यात फाटकातून नवे पाद्री हॅल्वर आले, उंच, किडकिडीत, दक्षिणेकडचे. जन्मात सौना पाहिली नव्हती, टॉवेल मात्र नवा कोरा.

"बंधू आर्वो, रेनोंनी मला सगळं सांगितलं," पाद्री हळवे होऊन म्हणाले. "दुःखानंतरचा हा पहिला अग्नी! मी येऊ ना आत?"

आर्वोला वाटलं, पृथ्वी दुभंगली तर बरं. पण पृथ्वी नोव्हेंबरात दगडासारखी गोठलेली असते.

आत अंधार. एक वीतभर खिडकी, तीही धुरकट. तिघेही जन्मले तसे, मांडीवर टॉवेल. कसलासा उग्र वास येत होता.

"वर काय टांगलंय?" पाद्रींनी विचारलं. "मांस का?"

"हो," आर्वो म्हणाला. देवाच्या माणसाशी त्याचं हे पहिलं खोटं. "वाळत घातलंय."

"कुठला भाग?"

"मान."

"केस दिसताहेत हो तिला!"

"तशीच... चव येते."

रेनोने थेट वरच्या फळीवर, त्या मानेच्या खालीच बैठक मारली. "दाजी, तुम्ही इकडे सरका. ती तिची जागा, ती मोकळी राहू दे." आणि खरंच, भट्टीजवळची कोपऱ्यातली जागा त्यांनी मोकळी ठेवली. रेनोने पळीभर पाणी घेतलं, आणि तापल्या दगडांवर ओतताना लेम्पी जे गुणगुणायची ते म्हणाला. आवाज जाड, सूर चुकलेला, शब्द मात्र एकही चुकला नाही.

"दगडा दगडा ऊब दे, पाण्या पाण्या धूर दे,
गेला त्याला वाट दे, उरला त्याला धीर दे."

दगड फुसफुसले. वाफ उठली, छतापर्यंत गेली आणि तिथून तिघांच्या खांद्यांवर अलगद उतरली, कुणी मागून येऊन शाल घालावी तशी. आर्वोने डोळे मिटले. सात महिन्यांत त्याच्या अंगावर असं कुणी काही घातलं नव्हतं. त्याला वाटलं, डोळे उघडले नाहीत तर ती कोपऱ्यात असेल. वाटलं, असंच बसावं. वाटलं...

टप्!

"दाजी, मांस गळतंय."

टप्! टप्!

"रक्त नाही ना?" पाद्री.

"रक्त असं काळं कुठे असतं?" म्हणत रेनो उठायला गेला. तो उठला, त्याच्याबरोबर टॉवेल उठला, आणि टॉवेलबरोबर फळीही उठली! रबर केव्हाच त्याच्या बुडाखाली ओघळून गोळा झालं होतं. "ओढा!" रेनो ओरडला. पाद्रींनी धीर करून त्याच्या पाठीला दोन्ही हात लावले. पाठीवरूनही ओघळ आला होता. आता पाद्रीही चिकटले! "सोडा!" "सुटत नाही!" "मग ओढा!" "देवा, ओढू की सोडू?"

इतक्यात परसात मोटार थांबली, आणि दार धाडकन उघडलं.

"बाबा! वळणावरून धूर दिसला! तू खरंच..."

कारिन. डोळे लाल, हातात मोटारीची किल्ली. समोर वाफेत तिचा मामा फळीसकट वाकलेला, मामाच्या पाठीला एक अनोळखी उघडा माणूस, आणि त्यांच्या मागे टॉवेल धरून तिचा बाप.

"हे आपले नवे पाद्री," आर्वो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

कारिन क्षणभरच गोंधळली. मग तिच्यातली नर्स पुढे आली. "हलू नका कुणी. बाबा, लोणी आण, घरात असेल नसेल तेवढं. मामा, लाजू नका, मी रोज बघते. पाद्रीबाबा, तुम्ही खिडकीकडे बघा." अर्ध्या तासात दोन पुडे लोणी संपलं आणि दोघे सुटले. रेनोचे काही केस मात्र फळीने ठेवून घेतले. पाद्री निघताना थरथरत म्हणाले, "सुंदर प्रथा आहे." आणि पावही न खाता गेले.

मग कारिनने आकड्यावरचं ते काळं काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. हसू तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, ते तिथेच थांबलं.

"ही आईची बंदूक?"

"तू म्हणालीस, सटकते. म्हणून जरा..."

ती मुठीवरून बोट फिरवत राहिली. एकदा, दोनदा. "बाबा, आईचा अंगठा कुठे गेला?"

आर्वोला आधी कळलंच नाही. मग कळलं. मुठीच्या डाव्या अंगाला एक खळगा होता. लेम्पी डावखुरी. चाळीस वर्षं तिचा अंगठा तिथे टेकून टेकून लाकूड झिजलं होतं, पायरी झिजते तसं. सढळ हाताच्या त्या तिसऱ्या लेपाने तो बुजवून टाकला होता. एवढं एकच घरात तिने आपल्या हाताने कोरून ठेवलं होतं, आणि ते त्याने भरून काढलं! खाणीतला दुरुस्तीवाला!

तो खालच्या फळीवर बसला. चिकटेल याची पर्वा केली नाही.

"मूठ कधीच सटकत नव्हती," कारिन हळूच म्हणाली. "मला यायचं नव्हतं, बाबा. तिच्या जागी बसायचं नव्हतं. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

"मग मला तसं का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगणार? तू ते दुरुस्त करायला घेतलं असतंस."

मग तिने नख लावून कड उचलली. त्या वाफेने एवढं एक भलं केलं होतं: लेप धड बसलाच नव्हता. उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा तो निघत आला. एक बाजू तिने धरली, एक त्याने. बाहेर अंधारायला लागलं तेव्हा लाकूड उघडं झालं. पॉलिश गेलेलं, डागाळलेलं, मांजराच्या दोन केसांसह. पण खळगा तिथेच होता. कारिन उजवखुरी. तिने डाव्या हाताचा अंगठा त्यात टेकवून पाहिला, आणि बराच वेळ काढला नाही.

पहाटे दोघे मचाणावर बसले. मधे लेम्पीएवढी जागा आपोआप राहिली. उजाडता उजाडता झाडांतून आठ टोकांच्या शिंगांचा नर निघाला, वीस पावलांवर, मान खाली घालून निवांत. कारिनने बंदूक उचलली. मूठ सटकली नाही. नेम धरता धरता ती अगदी कुजबुजत म्हणाली, "बाबा, काल तू सौना पेटवलीस ना, फार बरं केलंस. आईला आवडलं असतं."

आर्वो गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण लेम्पीशी तो कधी खोटं बोलला नव्हता, आणि ती जागा मध्येच होती.

"बंदूक वाळवायला पेटवली होती गं."

कारिनने त्याच्याकडे पाहिलं. आणि तिला हसू फुटलं! पोट धरून, ओरडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि पाणी आल्यावर ते हसण्याचं राहिलं नाही, तरी ती थांबेना. तो नर तीन उड्यांत दिसेनासा झाला. चाळीस वर्षांत त्या मचाणावर कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं. आर्वोने मधली जागा ओलांडून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हळू," तो म्हणाला. "अजून एखादं येईल."

पण ते त्याला स्वतःलाही खरं वाटलं नाही. आता मैलभरात ससासुद्धा उरला नव्हता.